मधोमध पुरलेली पेटी

त्या जमिनीत कधीच काही नीट ऐकू यायचं नाही. डिटेक्टरची कॉइल मातीवरून फिरवली की हेडफोनमध्ये सतत किरकिर, मधेच एखादी शिट्टी, पुन्हा किरकिर. शिट्टी वाजली तिथे खणावं तर खाली नुसती माती. जपानात तोक्योशेजारच्या इचिकावाची माती तांबूस-तपकिरी, हाताला भुसभुशीत. फार पूर्वीच्या ज्वालामुखींची राख आहे ती. तिच्यात लोखंडाचे बारीक काळे कण असतात. मी एकदा फ्रिजवरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या मातीत फिरवलं, तर बाहेर काढताना पिशवीला मिशा फुटल्यासारखं दिसलं. यंत्र धातू शोधणार आणि इथे मातीच थोडी थोडी धातूची. त्यामुळे ते कशावरही संशय घ्यायचं, आणि मी त्याच्यावर.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पुण्या-मुंबईचे आमच्यासारखे इंजिनिअर तोक्योच्या तोयोसु भागातल्या ऑफिसांत भराभर येत होते. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. बरोबरचे बहुतेक तिशीच्या आतले, त्यांचे शनिवार-रविवार तोक्योत जायचे. आम्ही दोघं नवरा-बायको इचिकावाला राहायचो. मुलगी पुण्याला आजी-आजोबांकडे, बारावीत. मी सुट्टीच्या दिवशी काय करायचं म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानातून वापरलेला डिटेक्टर घेतला. पत्नी म्हणाली, "आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले दोष शोधता, रविवारी जमिनीतले शोधा."

घर मिळायला आम्हाला फार त्रास झाला होता. अकरा ठिकाणी नकार मिळाला. त्यांतले सात नकार आम्ही परदेशी म्हणून, आणि हे तोंडावर, अगदी नम्रपणे सांगितलेले. बाराव्या ठिकाणी ओयासान भेटल्या. जपानीत घरमालकिणीला ओयासान म्हणतात. आम्हीही त्यांना तेच म्हणायचो, आणि त्या मला इंदोसान म्हणायच्या, म्हणजे भारतीय साहेब. त्यांचं वय त्र्याहत्तर. पुढच्या घरात त्या एकट्या राहायच्या, मागच्या दुमजली घरात आम्ही. बाजूला त्यांचा भाजीचा मळा, नऊ मीटर बाय चौदा मीटर. मुळा-कांदा काढून झाला की मळा मोकळा व्हायचा आणि त्या मला तिथे यंत्र फिरवू द्यायच्या.

मी मळ्यावर दोऱ्या ताणून एक-एक मीटरचे एकशे सव्वीस चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनाला वहीत ओळ. यंत्राची संवेदनशीलता किती ठेवली, आवाज कसा आला, किती खोल खणलं, काय निघालं. दोन वर्षांत पाचशे अडतीस खड्डे खणले. त्यांतले तीनशे दोन रिकामे. बाकीच्यांत खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं, एक गंजलेलं कुलूप आणि अकरा नाणी. आठ नाणी जुनी, तांब्याची, मधे चौकोनी भोक असलेली. जमिनीत सापडलेली वस्तू पोलिसांकडे द्यावी लागते असं ऑफिसात कुणी तरी सांगितलं, म्हणून पहिलं नाणं मी चौकीवर नेलं होतं. तिथल्या तरुण पोलिसाने चाळीस मिनिटं फॉर्म भरला, मग ओयासानना फोन केला, आणि त्यांनी फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक, त्याने फॉर्म बाजूला ठेवून नाणं मला परत दिलं. तेही आणि पुढची सगळी मी ओयासाननाच दिली. त्या ती देवघराजवळच्या बशीत ठेवायच्या.

माती कशी खोटं बोलते हे मला त्या वह्यांमधून कळत गेलं. पाऊस पडून गेला की जास्त किरकिर. कॉइल एका दिशेने फिरवल्यावर आवाज यायचा आणि उलट फिरवल्यावर यायचा नाही, तो आवाज मातीचा. दोन्ही दिशांनी एकाच जागी, एकाच उंचीचा आवाज आला तर खाली खरंच काही आहे. असा स्वच्छ आवाज मला दोन वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. नाणी मिळाली तीही अर्धवट, फाटलेल्या आवाजावर, केवळ चिकाटीने.

त्या ऑक्टोबरात आमचा भाड्याचा करार संपत होता. करार दर वेळी दोन वर्षांचा. ओयासानचा मुलगा ओसाकाहून कुटुंबासह परत यायचा होता आणि त्याच्यासाठी मळ्याच्या जागेवर नवीन घर बांधायचं ठरलं होतं. मुलाचं म्हणणं, आता भाडेकरू कशाला, मागचं घरही आपणच वापरू. हे ओयासाननी मला स्वतः सांगितलं. "पायाचं काँक्रीट पडेल त्या बुधवारी तो इथे असेल. त्याच्यासमोर मी तुमच्या करारावर शिक्का मारते. मागाहून वाद नको." म्हणजे त्या बुधवारपर्यंत आमच्याकडून काहीही चूक होता कामा नये, इतकं मला समजलं. तेरावं घर शोधायची ताकद आमच्या दोघांतही नव्हती.

चूक काढायला एक माणूस सदैव तयार होता. मळ्याच्या पलीकडे एक आजोबा राहायचे. कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले, आता एकटेच. त्यांचं आणि ओयासानचं हद्दीवरून वाकडं होतं. कुंपण बारा सेंटिमीटर आत की बाहेर यावर. ते अधूनमधून लोखंडी टेप घेऊन कुंपणाशी बसायचे, मोजायचे, काही तरी लिहून घ्यायचे. आमचा कचरा त्यांनी चार वेळा परत आणून दारात ठेवला होता. जळणाऱ्या कचऱ्यात न जळणारं काही तरी होतं म्हणून. चौथ्या वेळी ते एक बाटलीचं झाकण होतं. मी मळ्यात यंत्र फिरवायचो तेव्हा ते वरच्या खिडकीत दिसायचे. दहापैकी आठ वेळा तरी.

सप्टेंबर अखेर आम्ही तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेलो. निघताना ओयासान म्हणाल्या, "तुम्ही याल तोवर काम सुरू झालेलं असेल. काँक्रीट पडेपर्यंत शोधा हवं तेवढं, इंदोसान. नंतर संपलं."

परत आलो त्या शुक्रवारी मळा नव्हता. खोदाईच्या यंत्राने वरची तीस सेंटिमीटर माती काढून जमीन सपाट केली होती. दुसऱ्या कुणाला ते उजाड वाटलं असतं. मला वाटलं, माझी कॉइल जिथवर पोचत नव्हती तो थर आता उघडा पडला आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे एकच रविवार आहे.

रविवारी सकाळी सात वाजता मी गेलो. आधी चार कोपऱ्यांना चार भोकं दिसली, बांबू रोवून काढावा तशी. एका कोपऱ्यात मातीवर तांदळाचे दाणे होते. मी वाकून पाहिलं. तांदूळ, जाडं मीठ आणि पांढऱ्या कागदाचे बारीक चौकोनी तुकडे. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. तिसऱ्या, चौथ्याही. मी जागेवर उभा राहिलो. मी असलं काही मानणारा माणूस नाही. पण सातारच्या बाजूला माझं आजोळ आहे, आणि शेताच्या कोपऱ्यात मीठ-तांदूळ दिसले की तिथे काय समजतात हे मला माहीत आहे. वहीत मी लिहिलं: चारही कोपरे, मीठ, तांदूळ, कागद. पक्ष्यांनी केलेलं नाही.

मग यंत्र सुरू केलं. नेहमीची किरकिर. एका कडेने ओळीने येत येत मी जमिनीच्या मधे आलो आणि हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ आवाज आला. उलट फिरवलं, तोच. कॉइल काटकोनात वळवून फिरवली, तोच. मी हेडफोन काढून पुन्हा लावला. मग टेप काढून मोजलं. या कडेपासून साडेचार मीटर, त्या कडेपासून सात. बरोबर मध्य. माझ्या वहीतल्या पाचशे अडतीस खड्ड्यांत अशी जागा एकही नव्हती. जमिनीत हरवलेली वस्तू मधोमध पडत नाही. खुरपं घातलं तर ते सहज आत गेलं. इथली माती नुकतीच कुणी तरी उकरून पुन्हा दाबली होती. मी हिशेब केला: आम्ही गेल्यानंतर, तीन आठवड्यांच्या आत, कुणी तरी मोजून इथे काही पुरलं आहे.

अडतीस सेंटिमीटरवर लाकडी पेटी लागली. वीतभर लांब, नवी कोरी, पांढऱ्या लाकडाची, कागदात गुंडाळलेली. कागदावर ब्रशने लिहिलेली अक्षरं. मला तेव्हा साडेतीनशे जपानी चिन्हं वाचता यायची. त्यांतलं तिथे एकच ओळखलं: जमीन. पेटीत पत्र्यातून कापलेल्या लहान वस्तू होत्या. एक तलवार. एक सुरी. एक भाला. ढालीसारखं काही. गोल आरसा. मणी. आणि बोटभर उंचीचा एक माणूस, हात-पाय असलेला, चेहरा नसलेला.

मी वर पाहिलं. आजोबा खिडकीत होते.

घरी येऊन पेटी दाराबाहेरच, बुटांच्या मांडणीमागे ठेवली. पत्नीने दारातून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"हे काय आणलंत?"

"मळ्यात होतं. मधोमध."

"बाहुली आहे का त्यात?"

"माणूस आहे. आणि सुरी."

"आधी हात धुवा. आणि धुतलेले हात कपड्यांना पुसू नका." मग जरा वेळाने, "तुम्ही तर मानत नाही ना करणी-बिरणी?"

"मी नाही मानत. पण ज्याने पुरलं तो मानत असणार. उगाच कोण मोजून पुरेल?"

"म्हणजे ते आजोबा?"

"टेप घेऊन मोजणारा इथे दुसरा कोण आहे?"

"तुम्ही आहात," ती म्हणाली. मग गंभीर झाली. "ओयासानना सांगायचं का?"

तोच प्रश्न होता. नव्या घराच्या ऐन मध्यावर सुरी आणि माणूस पुरलेला सापडला हे त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला सांगायचं, तेही मुलगा परत येणार त्या आठवड्यात? आणि माझ्या तुटक्या जपानीत? शिवाय सापडलं कुणाला, तर ज्या भाडेकरूला मुलगा काढू पाहतो आहे त्याला. आम्ही ठरवलं, गुपचूप नाहीसं करायचं. त्यांचं भलंच होईल आणि कुणाला कळणारही नाही. ते कसं करायचं हे पत्नीला पक्कं माहीत होतं. वाहत्या पाण्यात सोडायचं आणि मागे न बघता यायचं.

घरापासून सहाशे पावलांवर एक लहान नदी आहे, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे काठ. साडेदहाच्या सुमाराला पायऱ्या उतरून मी पाण्याशी गेलो. बूट काढले. का काढले ते सांगता येणार नाही. तसं केल्याशिवाय काही पाण्यात सोडायची सवयच नाही. हात जोडले आणि पेटी पाण्यावर ठेवली. ती तरंगली. परत फिरलो आणि तिसऱ्या पायरीवर मागे बघितलं, कारण ती खरंच गेली की नाही हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी म्हणू शकत नाही. पेटी जात होती, पण उलट्या दिशेने. समुद्राकडे न जाता वर, गावाकडे. हळूहळू, मिनिटाला चार-पाच मीटर. भरती आहे हे माझ्या डोक्यात आलं, पण लगेच नाही. आधी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. आणि वर बांधावर, सायकल धरून, आजोबा उभे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली नाही. ते पेटीकडे बघत होते.

केलेली करणी कुणी उलटवतं आहे का, हे बघायला आजोबा आले होते, असं मी घरी येऊन सांगितलं. पत्नी म्हणाली, "आणि तुम्ही मागे बघितलंत."

त्याच दिवशी पाच वाजता ओयासान कुंड्यांना पाणी घालत होत्या. पेटीचं काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण त्यांना बेसावध ठेवणंही मला बरं वाटेना. मी म्हणालो, "शेजारच्या आजोबांपासून जपून राहा."

"मी चाळीस वर्षं जपूनच आहे," त्या म्हणाल्या. मग झारी खाली ठेवून विचारलं, "पण तुम्ही का सांगताय?"

"मला वाटतं, ते तुमचं वाईट चिंततात."

त्यांनी एकदा पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. मग झारी उचलली.

सोमवारी ऑफिसला निघताना आजोबा बांधकामाच्या मुकादमाशी बोलताना दिसले. मला बघून बोलणं थांबलं. मंगळवारी सकाळी ते कुंपणाशी टेप लावून बसले होते. मी जिना उतरलो तशी टेप गुंडाळली. मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर वेळेसह लिहिलं. एकंदर सहा नोंदी झाल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच बाजूला जात होत्या.

मंगळवारी संध्याकाळी ओयासाननी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मुलगा आला होता, आंघोळीला गेला होता. त्यांनी फोटोंचा अल्बम काढला. "तुम्ही नव्हतात तेव्हा जमिनीची पूजा केली. तुम्हाला आवडलं असतं बघायला."

पहिल्या फोटोत सपाट मळा. चार कोपऱ्यांना चार बांबू, त्यांना बांधलेली दोरी. दुसऱ्यात पांढऱ्या कपड्यांतला पुजारी कोपऱ्यात काही तरी उधळतो आहे. "मीठ, तांदूळ आणि कागद. जागा शुद्ध करायला." तिसऱ्या फोटोत पांढऱ्या कागदावर ओळीने मांडलेल्या वस्तू. तलवार, सुरी, भाला, ढाल, आरसा, मणी, माणूस. ओयासाननी माणसावर बोट ठेवलं. "जमिनीच्या देवाला हे द्यायचं. आम्ही वर राहणार, त्याने रागावू नये म्हणून. घराच्या मधोमध पुरतात आणि वरून काँक्रीट. मग ते कायमचं तिथेच." चौथ्या फोटोत मुकादम खड्ड्याशी गुडघ्यावर बसला होता, शेजारी लहान फळा, त्यावर खडूने तारीख आणि खड्डा किती खोल ते लिहिलेलं.

पत्नीने कप खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. चहा संपवून, छान झालं असं म्हणून, घरी आलो.

दार लावल्यावर तिने चपला जागेवर लावल्या. मग म्हणाली, "उद्या आठला काँक्रीट. आठ वाजून पाच मिनिटांनी खाली काय आहे नि काय नाही, कोणाला कळणार?"

"आजोबांना."

"त्यांना सांगायचं असतं तर एव्हाना सांगितलं असतं."

"उद्या मुलासमोर सांगायचं म्हणून थांबले असतील."

"म्हणजे ते नसते तर तुम्ही गप्प बसला असता?"

 नंतर अनेकदा हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्यात भीती किती आणि प्रामाणिकपणा किती, याची वाटणी मला करता आलेली नाही. एवढं खरं की त्या बाईंनी माझ्या देखत त्या पत्र्याच्या माणसावर बोट ठेवलं होतं, आणि त्या घरात त्या मरेपर्यंत राहणार होत्या, खाली ते आहे असं समजून.

बुधवारी सव्वासात वाजता ओयासान अंगण झाडत होत्या. मी सांगितलं. रात्री शब्दकोश घेऊन वाक्यं लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. सापडली. वाईट समजलो. नदीत सोडली. माझी चूक. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसल्या.  मग उठून मुकादमाकडे गेल्या. मुकादम धावत जमिनीच्या मध्यावर गेला, माती उकरली, आणि तिथेच उभ्याने फोन लावला. काँक्रीटची पहिली गाडी निघाली होती. ती दुसऱ्या कामावर वळवली.

मुलगा बाहेर आला. चाळिशीचा, नीटनेटका, दाढी केलेला. आईचं ऐकून माझ्याकडे वळला.

"पेटीत काय आहे असं वाटलं तुम्हाला? सोनं?"

"नाही. कोणी तरी तुमच्या घराचं वाईट व्हावं म्हणून पुरलं, असं वाटलं. आमच्याकडे तसं करतात."

"कोणी पुरलं असेल?"

 ओयासाननी कुंपणाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्या क्षणी मला कळलं की रविवारचं माझं बोलणं त्या विसरलेल्या नाहीत.

"मला तर ही सरळ चोरी वाटते," मुलगा म्हणाला. "दोन वर्षं जमीन उकरताय. काय काय नेलंत?"

"अकरा नाणी. सगळी आईंकडे आहेत. वही आणून दाखवतो."

"वही तुम्हीच लिहिली ना?"

 वही मीच लिहिली होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. आजोबा कधी येऊन उभे राहिले होते ते कुणी पाहिलं नव्हतं. "मी पाहिलंय," ते म्हणाले. "पेटी नदीवर नेली. बूट काढले. हात जोडले. पाण्यात सोडली. आतलं काही घेतलं नाही." मग थोडं थांबून, "भरती होती. वर गेली."

मुकादमाला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात घातलं.

"तुम्ही रविवारी पाहिलंत," मुलगा म्हणाला, "आणि आज बुधवारी सांगताय?"

"मला कोणी विचारलं नाही," आजोबा म्हणाले आणि आत गेले.

पुजारी शनिवारी पुन्हा येणार, काँक्रीट सोमवारी, असं ठरलं. मुलाने आईला बाजूला घेतलं. हळू बोलत होता, पण "बघ, हे असं होतं" एवढं मला ऐकू आलं. ओयासान परत माझ्याकडे आल्या. "संध्याकाळी करार घेऊन या. पण त्याआधी शेजारी जाऊन या. त्यांच्याबद्दल मला जे सांगितलंत, ते त्यांना तुम्ही स्वतः सांगा."

"आई," मुलगा म्हणाला.

"घर माझ्या नावावर आहे," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसला रजा कळवली. स्टेशनजवळून तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा आणला, इथे माफी मागायला जाताना नेतात तसा. पत्नीने दिवाळीसाठी चिवडा केला होता, त्याची पिशवी वर ठेवली.

"तिखट लागेल त्यांना," मी म्हणालो.

"तिखटच असू दे."

आजोबांचं घर आतून लहान आणि अतिशय स्वच्छ होतं. भिंतीवर मापाची हत्यारं ओळीने टांगलेली. मी दारातच, बूट काढायच्या खालच्या पायरीवर उभा राहून सांगितलं. पेटी तुम्ही पुरलीत असं मला वाटलं. ओयासानना तसं सुचवलंही. माफ करा. मी कमरेतून वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

"पुरावा काय होता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मोजता. पेटी बरोबर मधोमध होती."

त्यांनी यावर थोडा विचार केला. "मी पुरली असती तर हद्दीवर पुरली असती," ते म्हणाले.

मी सरळ झालो. ते चिवड्याची पिशवी उजेडाकडे धरून आत काय काय आहे ते बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या यंत्राला पितळ कळतं का?"

"कळतं. या मातीत जरा त्रास होतो."

"जुन्या काळी हद्दीला पितळेचा खिळा ठोकलेला होता. माझ्या वडिलांनी पाहिला होता. कुंपणाच्या त्या बाजूला कुठे तरी खाली गेला असणार. काँक्रीट सोमवारी पडलं की संपलं. तुम्ही अजून राहणार आहात ना इथे?"

आता मला त्यांच्या तीन दिवसांच्या गप्प बसण्याचं कारण दिसल्यासारखं झालं. मला बाहेर काढलं गेलं असतं तर यंत्रही माझ्याबरोबर गेलं असतं. की तसं काही नव्हतं, ते नुसते कमी बोलणारे सरळ गृहस्थ होते आणि हा प्रश्न आत्ताच त्यांना सुचला? त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. आवाज दोन्ही दिशांनी सारखा येत नव्हता, एवढंच मी सांगू शकतो.

"ओयासानना विचारल्याशिवाय नाही," मी म्हणालो.

"त्या हो म्हणणार नाहीत."

"मग नाही."

"हं," ते म्हणाले. पिशवी घेऊन आत गेले. दार मीच ओढून घेतलं.

संध्याकाळी सहाला करार घेऊन आम्ही दोघं ओयासानच्या बैठकीत बसलो. मुलगा कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता. ओयासाननी शिक्क्याची डबी उघडली.

"सांगितलंत त्यांना?"

"हो."

"काय म्हणाले?"

यंत्राचं सांगावं की नाही, याचा मी येताना जिन्यावर विचार केला होता. लपवलेल्या एका गोष्टीने काय होतं ते ताजं होतं. मी सगळं सांगितलं, पितळेच्या खिळ्यासकट. मुलाची हाताची घडी सुटली. ओयासानचा शिक्का लाल शाईवर टेकलेलाच राहिला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

"तो खिळा सापडेल का खरंच?"

"या मातीत पक्कं सांगता येत नाही. शंभरातले तीस वगैरे."

त्यांनी शिक्का खाली ठेवला, पेन घेतलं आणि करारावरच्या दोन वर्षांवर बारीक रेघ मारली. वर एक लिहिलं. खाडाखोडीवर एक लहान शिक्का मारला, खाली एक मोठा. मग कागद माझ्या पत्नीच्या हातात दिला.

आम्ही वाकून आभार मानले. ते एक वर्ष कमी झालं ते पेटीमुळे की खिळ्यामुळे, हे मी विचारलं नाही.